वजन १३ किलो उतरलं पण कोलेस्ट्रॉल आधीपेक्षा वाढलं, असं कसं झालं?

उपवनची_सकाळ:

नमस्कार मंडळी, इथे वाचतेय बरेच दिवस पण लिहितेय पहिल्यांदाच, जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

वय ४७, राहायला ठाण्यात वर्तकनगरला, नोकरी ऐरोलीत, दिवसाचे नऊ तास खुर्चीत. माझे बाबा ५२ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, मी तेव्हा कॉलेजात होते, त्यामुळे आमच्याकडे कोलेस्ट्रॉलचा विषय निघाला की आई अजून गप्प होते. जानेवारीत ऑफिसच्या चेकअपमध्ये वजन ८१ किलो निघालं (उंची ५ फूट २ इंच) आणि टोटल कोलेस्ट्रॉल २१८, ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) २०५, एचडीएल (चांगलं कोलेस्ट्रॉल) ४१, एलडीएल (वाईट कोलेस्ट्रॉल) १३६ असा रिपोर्ट आला. त्याच दिवशी मनाशी ठरवलं की आता बस. साखर बंद, भात बंद, फरसाण बंद, दिवसातून दोनदाच जेवण, आणि रोज सकाळी साडेपाचला उठून उपवन तलावाला चालायला, आधी अर्धा तास मग वाढवत वाढवत तासभर. मार्चमध्ये परत तपासलं, वजन ७५, टोटल १८४, ट्रायग्लिसराईड १४०, एचडीएल ३७, एलडीएल ११९. एचडीएल थोडं खाली गेलं पण बाकी सगळं छान, मी हवेत.

आणि आता जूनचा रिपोर्ट. वजन ६८, म्हणजे १३ किलो गेले, जुने ड्रेस सगळे ढगळ झालेत. टोटल २३६, ट्रायग्लिसराईड १०८, एचडीएल ३९, एलडीएल १७५!! जानेवारीत आळशासारखी बसून वडापाव खात होते तेव्हा १३६ आणि आता एवढं सगळं करून १७५? रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा मी ट्रेनमध्ये होते, ऐरोलीला उतरायचं विसरले, डायरेक्ट वाशीला पोचले. नवरा म्हणतो बंद कर हे उपास, सासूबाई म्हणतात आमच्या वेळी तूप खाऊन लोक नव्वद वर्षं जगले. डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, तोवर डोकं फिरायची वेळ आलीये. असं कुणाचं झालंय का? व्यायाम आणि डाएटने कोलेस्ट्रॉल वाढू शकतं का खरंच? का लॅबची चूक? मी चालणं थांबवू का?


खारघरचा_डोंगर:

ताई आधी श्वास घ्या, आणि चालणं अजिबात थांबवू नका.

माझं सेम झालंय म्हणून लिहितोय. वय ३९, मी १०४ वरून ८२ वर आलो सात महिन्यांत, रोज खारघर हिल चढायचो, रात्रीचं जेवण जवळपास सोडलेलंच. माझं एलडीएल सुरवातीला १२८, दोन महिन्यांनी ९६, आणि सहाव्या महिन्यात १६१. मी पण असाच गळपटलो होतो. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले अरे तुझं वजन अजून पळतंय, पळत्या माणसाचा फोटो काढलास तर हललेलाच येणार, आधी वजन एका जागी थांबू दे मग बघू. मग मी खाणं थोडं वाढवलं, वजन ८२-८३ ला तीन महिने धरून ठेवलं आणि परत केली टेस्ट, ११२.

नंतर मी यावर पुष्कळ वाचलं. आपल्या अंगावरची जी चरबी असते ना तिच्यात नुसतं फॅट नसतं, कोलेस्ट्रॉलचा पण मोठा साठा असतो. चरबी झपाट्याने जळायला लागली की तो साठा सुटून रक्तात येतो असं मानतात. दिवाळीच्या आधी माळा रिकामा करायला काढला की दोन दिवस हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, तसंच हे, सामान नवीन आलेलं नसतं, वरचं खाली आलेलं असतं. १९९१ साली अमेरिकेत सहा लठ्ठ बायकांवर एक छोटा अभ्यास झाला होता, त्यांचं पाच ते सात महिन्यांत साधारण ३० किलो वजन उतरवलं. कोलेस्ट्रॉल सुरवातीला सरासरी २१२ च्या आसपास होतं, पहिल्या एक-दोन महिन्यात ते १४० पर्यंत पडलं, मग वजन उतरतच होतं तरी ते चढून २३० वर गेलं म्हणजे सुरवातीपेक्षाही जास्त, आणि वजन स्थिर ठेवल्यावर १९० ला आलं. तुमचे तीन रिपोर्ट बघा, आधी खाली मग वर, वळण तेच आहे. सहाच बायका होत्या हे खरं, पण मला तो वाचून जो धीर आला तो सांगता येणार नाही.

एक मात्र कळकळीने सांगतो. मी घाई केली आणि पित्ताशयात खडे करून घेतले. आठवड्याला दीड किलोच्या वर वजन उतरायला लागलं की लिव्हर पित्तामध्ये जास्त कोलेस्ट्रॉल सोडतं, त्यात जेवणं कमी असली की पित्ताशय नीट रिकामं होत नाही आणि तिथेच खडे धरतात. मला एका रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की सरळ बसता येईना, सोनोग्राफीत कळलं. तुमचं पाच महिन्यात १३ किलो म्हणजे आठवड्याला सहाशे ग्रॅमच्या आसपास, माझ्यासारखं नाही, तरी पोटात उजवीकडे वर दुखलं तर अंगावर काढू नका.


लॅबमधली_नेरुळकर:

मी १९ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, नेरुळला, म्हणून लॅबच्या चुकीबद्दल मी बोलते.

चूक असेल असं वाटत नाही, पण आकडा कसा येतो ते समजून घ्या म्हणजे भीती थोडी कमी होईल. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, काढतात. टोटलमधून एचडीएल वजा आणि ट्रायग्लिसराईडचा पाचवा हिस्सा वजा, राहिलं ते एलडीएल. १९७२ पासूनचं सूत्र आहे. तुमचं करून बघा, २३६ वजा ३९ वजा २१.६, आले १७५. जानेवारीचं २१८ वजा ४१ वजा ४१ म्हणजे १३६. आता यात गंमत अशी की ट्रायग्लिसराईड जास्त असलं की हे सूत्र एलडीएल थोडं कमी दाखवतं (४०० च्या वर तर वापरतच नाहीत). म्हणजे जानेवारीचं तुमचं १३६ प्रत्यक्षात थोडं जास्त असण्याची शक्यता आहे, आणि आता ट्रायग्लिसराईड उतरल्यामुळे १७५ हे खऱ्याच्या जास्त जवळ आहे. ३९ ची उडी दिसते ती सगळीच्या सगळी उडी नसेल.

पण म्हणून वाढ झालीच नाही असं मी म्हणणार नाही, खोटा दिलासा नको. टोटलमधून नुसतं एचडीएल वजा करा, त्याला नॉन एचडीएल म्हणतात, त्यात सूत्राची भानगड येत नाही. जानेवारीत १७७, आता १९७. वाढलंय, वीसने वाढलंय. डॉक्टरांना विचारून अ‍ॅपो बी नावाची टेस्ट करता येते, त्यात रक्तात कोलेस्ट्रॉल वाहणाऱ्या वाईट कणांची मोजदाद कळते, थोडी महाग आहे पण तुमच्यासारख्या केसमध्ये उपयोगी.

आणखी काही गोष्टी ज्या लोक सांगत नाहीत आणि आम्ही काउंटरवर विचारायला विसरतो. टेस्टच्या आदल्या दिवशी खूप व्यायाम केलात तर ट्रायग्लिसराईड खाली येतं, तो परिणाम एक-दोन दिवस टिकतो. ताप, व्हायरल, मोठं आजारपण झालं असेल तर कोलेस्ट्रॉल तात्पुरतं खोटं कमी येतं, म्हणून आजारानंतर महिना-दीड महिना थांबावं. उपाशी किती तास हे दर वेळी सारखं ठेवा, ९ ते १२ तास, लोक १६-१८ तास उपाशी येतात त्याची काही गरज नाही. आणि तिन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत का? एकाच माणसाचं एकाच महिन्यात दोनदा रक्त घेतलं तरी पाच-दहा टक्के इकडे तिकडे होतंच.

दोन प्रश्न. थायरॉईड केलंय का इतक्यात? थायरॉईड मंदावलं की एलडीएल चढतं, आणि आपल्या वयाच्या बायकांमध्ये हे इतकं कॉमन आहे की मला वाटतं एलडीएल अचानक वाढलेल्या प्रत्येक बाईने आधी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करावं. आणि पाळी नियमित आहे का? पाळी जायच्या आसपासच्या एक-दोन वर्षांत एलडीएल आपोआप वर सरकतं, त्यात तुमचा काही दोष नाही.


वाशी_सेक्टर_नऊ:

ताई, एक विचारू, मी डाएटिशियन आहे. तुम्ही लिहिलंत साखर बंद भात बंद, पण खाताय काय ते कुठेच नाही लिहिलं. मार्चपर्यंत आणि मार्चनंतर खाण्यात काही बदल केला का? जसंच्या तसं लिहा, तेलाचा चमचा धरून.


उपवनची_सकाळ:

सगळ्यांचे खूप आभार, रात्री दोनदा वाचलं सगळं. खारघरवाले दादा तुमचं माळ्याचं उदाहरण आईला फोनवर वाचून दाखवलं.

टीएसएच तीन वर्षांपूर्वी केलं होतं, तेव्हा नॉर्मल. पाळी गेल्या आठ महिन्यांपासून मागेपुढे होतेय. लॅब तिन्ही वेळा एकच.

खाण्याबद्दल. मार्चपर्यंत साधंच होतं, दुपारी ज्वारीची एक भाकरी, पालेभाजी, वाटीभर आमटी, संध्याकाळी सात वाजता उसळ नाहीतर मासे आणि कोशिंबीर. मार्चच्या मध्यावर वजन ७५ वर अडकलं, तीन आठवडे हललं नाही, तेव्हा ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने व्हिडिओ पाठवले, त्यात होतं की धान्य पूर्ण बंद करा आणि फॅट वाढवा, फॅटने फॅट जळतं. तेव्हापासून सकाळी काळ्या कॉफीत एक मोठा चमचा खोबरेल तेल (खायचं), दुपारी दीडशे ग्रॅम पनीर तुपावर परतून आणि काकडी, रात्री तीन-चार अंड्यांचं ऑम्लेट बटरमध्ये, वर चीज. भाकरी, डाळ, उसळ सगळं बंद. भूक लागत नव्हती आणि वजन भराभर उतरलं म्हणून मला वाटलं हेच बरोबर.


वाशी_सेक्टर_नऊ:

हेच शोधत होते.

ताई तुमच्या बाबतीत एक नाही दोन-तीन गोष्टी एकावर एक आल्यात. वजन उतरतानाची जी तात्पुरती वाढ दादांनी सांगितली ती असेलच, पण तेवढ्यावर सोडून देऊ नका कारण मार्चनंतर तुमच्या ताटातलं जवळपास सगळं फॅट सॅच्युरेटेड झालंय. खोबरेल तेलात साधारण ९० टक्के सॅच्युरेटेड फॅट असतं, तुपात साठच्या वर, बटर चीज पनीर सगळं त्याच कुळातलं. रक्तातलं एलडीएल पकडून आत ओढून घेणारे लिव्हरवर रिसेप्टर असतात, दारच म्हणा. सॅच्युरेटेड फॅट भरपूर गेलं की ही दारं कमी होतात आणि एलडीएल रक्तात फिरत राहतं. काही लोकांना याचा फारसा फरक पडत नाही आणि काहींचं एलडीएल या हाय फॅट डाएटवर भयानक चढतं, मी २५० च्या वर गेलेले पेशंट बघितलेत, वजन मात्र सुंदर उतरलेलं.

आणि दुसरी गोष्ट जी मला जास्त टोचते ती म्हणजे तुम्ही डाळ, उसळ, भाकरी सगळं एकदम काढलंत. डाळी कडधान्यांमध्ये जो विरघळणारा फायबर असतो तो आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो. पित्त कोलेस्ट्रॉलपासूनच बनतं, म्हणजे बाहेर गेलेलं पित्त भरून काढायला लिव्हरला रक्तातलं कोलेस्ट्रॉल ओढावं लागतं. हा फुकटचा रस्ता तुम्ही बंद केलात. आपल्या आज्या रोज मटकीची, चवळीची, मुगाची उसळ करायच्या त्याला केवढा अर्थ होता बघा. इसबगोल पण याच कारणाने चालतं, पोट साफ व्हायला म्हणून आपण घेतो पण एलडीएल थोडं उतरवण्यात त्याचा चांगला उपयोग दिसलाय, फक्त पाणी भरपूर प्या आणि दुसरी औषधं चालू असतील तर मध्ये दोनेक तासाचं अंतर ठेवा.

अंड्यांचं विचाराल तर एका पिवळ्यात दोनशे मिलिग्रॅमच्या आत-बाहेर कोलेस्ट्रॉल असतं, पण शरीर आपलं बरंचसं कोलेस्ट्रॉल स्वतःच बनवतं, त्यामुळे अंड्यापेक्षा ते कशात तळलं याची मला जास्त काळजी. एक अंडं आणि दोन पांढरे, थेंबभर शेंगदाण्याच्या तेलावर, काही बिघडत नाही.

मी असते तर काय केलं असतं सांगते, तुमच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. कॉफीतलं तेल उद्यापासून बंद. दुपारी परत एक भाकरी, ज्वारी नाचणी काहीही, आणि रोज एक मोठी वाटी उसळ किंवा घट्ट वरण. पनीर आठवड्यातून दोनदा, तव्यावर कोरडं. फोडणीला मोजून दिवसाला तीन चमचे तेल, शेंगदाणा, करडई, मोहरी जे आवडेल ते. जवसाची चटणी चमचाभर. मासे खाता तर बांगडा खा, स्वस्त आहे, ताजा मिळतो आणि ओमेगा थ्री भरपूर, फक्त तळू नका, तिरफळ घालून पातळ आमटी करा, ओलं खोबरं हात राखून. सासूबाईंच्या तुपाचं म्हणाल तर वरणावर अर्धा चमचा तूप हा आजारच नाहीये, चमच्यांनी खाणं हा आहे. त्यांनाही सांगा, त्या पूर्ण चूक नाहीत, त्यांच्या वेळी तुपाबरोबर भाकरी उसळ आणि दिवसभराचं काम होतं.


पामबीच_सायकल:

व्यायामाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, मी डॉक्टर वगैरे नाही, वाशी ते बेलापूर सायकल मारणारा माणूस आहे पण आमच्या ग्रुपमध्ये दोघं डॉक्टर आहेत त्यांच्याकडून ऐकून ऐकून शिकलोय.

लोकांचा समज असा की व्यायाम केला की कोलेस्ट्रॉल धाडकन उतरतं. तसं नसतं. व्यायामाने सगळ्यात आधी उतरतं ते ट्रायग्लिसराईड, कारण स्नायूंमधलं एक एन्झाइम रक्तातलं फॅट ओढून घेऊन वापरायला लागतं. तुमचं बघा २०५ चं १०८ झालंय, जवळपास निम्मं! याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही, आपल्या भारतीय लोकांचा नेहमीचा प्रॉब्लेमच हा की ट्रायग्लिसराईड जास्त आणि एचडीएल कमी, त्यातलं अर्धं काम तुम्ही केलंत. एचडीएल हळू चढतं, महिने लागतात, आणि वजन उतरत असताना तर ते उलट थोडं खाली जातं, वजन थांबलं की मग वर यायला लागतं. १९९२ मध्ये ७० अभ्यास एकत्र करून हिशोब काढला होता त्यात हेच निघालं, वजन स्थिर झालेल्या लोकांमध्ये उतरलेल्या दर किलोमागे एचडीएल पॉइंट ३५ मिलिग्रॅम वाढलं, आणि ज्यांचं उतरणं चालूच होतं त्यांच्यात कमी झालं. त्यामुळे तुमचं ४१ चं ३७ होणं यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. त्याच हिशोबात एलडीएल किलोमागे पाऊण मिलिग्रॅम उतरतं, म्हणजे १३ किलोला फार तर दहा. हे माहीत असलं की अपेक्षा जागेवर राहतात.

आणि नुसतं डाएट का नुसता व्यायाम हा वाद आमच्यात कायम असतो त्यासाठी, स्टॅनफर्डच्या लोकांचा १९९८ चा अभ्यास आहे, एलडीएल जास्त आणि एचडीएल कमी असलेले पुरुष आणि पाळी गेलेल्या बायका असे पावणेचारशे लोक वर्षभर. कमी फॅटचं डाएट एका गटाला, व्यायाम एकाला, दोन्ही एकाला, आणि एका गटाला काहीच नाही. काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत नुसत्या डाएटवाल्यांचं एलडीएल लक्षात येईल इतकं उतरलं नाही, नुसत्या व्यायामवाल्यांचं पण नाही, दोन्ही करणाऱ्यांचं उतरलं, बायकांमध्ये साडेचौदा आणि पुरुषांमध्ये वीसच्या आसपास. म्हणून चालणं थांबवू का या प्रश्नाला माझं उत्तर हात जोडून नाही.

उलट थोडा जोर वाढवा. उपवनला तासभर चालताय ते उत्तम, त्यातले दोन दिवस येऊरच्या चढाकडे वळवा, धाप लागली पाहिजे पण बोलता आलं पाहिजे. आणि आठवड्यातून दोनदा डंबेल नाहीतर उठाबशा, भिंतीला टेकून पुशअप, काहीही वजन उचलण्याचं. इतकं वजन उतरताना स्नायू पण जातात आणि ते गेले की वजन परत चढायला वेळ लागत नाही. पावसात येऊरला एकट्या जाऊ नका मात्र, रस्ता निसरडा होतो.


नौपाड्यातले_काका:

मुली, सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, तुझ्या मनाला उभारी येईल असं. मी दुसरी बाजू सांगतो, वय ६७ आहे आणि स्वतःच्या छातीवर निभावलेलं आहे म्हणून सांगतो.

मला डायबेटीस निघाला २०१५ ला, डॉक्टरांनी शुगरच्या गोळ्यांबरोबर कोलेस्ट्रॉलची गोळी अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन चालू केलं. मी जिद्दीने नऊ किलो उतरवले, तलावपाळीला रोज पाच फेऱ्या, गोड पूर्ण सोडलं. एलडीएल ७८ आलं. मला वाटलं मी बरा झालो आणि गोळी माझी मीच बंद केली, कुणाला न विचारता, घरी बायकोलाही सांगितलं नाही. ७८ हे गोळीमुळे होतं, फेऱ्यांमुळे नव्हतं, हे मला कळलंच नाही. पुढचं वर्षभर टेस्ट पण केली नाही कारण तब्येत ठणठणीत वाटत होती. चौदा महिन्यांनी संध्याकाळी मासुंद्याच्या (तलावपाळीचा तलाव) काठाला तिसऱ्या फेरीला छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं आणि डावा जबडा दुखायला लागला. एका अनोळखी पोराने रिक्षात घातलं. दोन स्टेंट पडले. त्या दिवशी एलडीएल निघालं १५९.

तू काही गोळ्या घेत नाहीस हे वेगळं. पण तुझ्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाची ओळ बाबांची आहे, बाकी सगळे आकड्यांकडे बघत होते म्हणून मी ती परत पुढे आणतो. वडिलांना ५५ च्या आधी अटॅक आला असेल तर मुलांचा धोका वाढलेला धरतात, डॉक्टर हेच पहिलं विचारतात. त्यामुळे वजन थांबेपर्यंत वाट बघ हे ठीक, पण डॉक्टरांना विचारून वाट बघ, स्वतःच्या मनाने नको. आणि लिपोप्रोटीन ए (रक्तातला एलडीएलसारखाच एक कण) नावाची एक टेस्ट आहे ती करायची का विचार. ती आनुवंशिक असते, डाएट व्यायामाने फारशी हलत नाही, आयुष्यात एकदा केली तरी चालते. मला स्टेंट पडल्यावर करायला लावली, जास्त निघाली, मग माझ्या दोन्ही मुलांची केली, धाकट्याची जास्त आहे. त्याला तिशीतच कळलं हे मी आमचं नशीब समजतो.

आणि एलडीएल १९० च्या वर गेलं तर वजन कमी होतंय का वाढतंय याची चर्चा नाही, तेव्हा गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलायचंच. तू १७५ ला आहेस, फार लांब नाहीस.


उपवनची_सकाळ:

काका तुमचं वाचून रडू आलं. बाबांना पण जबडा दुखत होता, दाढ दुखते म्हणून दोन दिवस लवंग धरून होते.

डॉक्टरांकडे तिन्ही रिपोर्ट आणि हा सगळा थ्रेड प्रिंट काढून घेऊन गेले. त्यांनी शांतपणे वाचलं, टीएसएच आणि लिपोप्रोटीन ए लिहून दिलं, हाय फॅट प्रकार थांबवायला सांगितला आणि म्हणाले वजन दोन-अडीच महिने आहे तिथे ठेवा, मग लिपिड (कोलेस्ट्रॉलची टेस्ट) परत करू, तेव्हाही वर असेल तर बाबांची हिस्टरी बघता गोळीचा विचार करू. नवऱ्यालाही आत बोलावून सांगितलं की चालणं बंद करायचं नाही. रिपोर्ट आला की इथे टाकते.


उपवनची_सकाळ:

गणपती झाले, अपडेट द्यायला आले. जूनमध्ये लिहिलं होतं, आता सप्टेंबर.

टीएसएच २.८, नॉर्मल. लिपोप्रोटीन ए नॉर्मल, हा रिपोर्ट बघून आईला फोन केला आणि दोघी बराच वेळ काही बोललोच नाही. वजन गेले अकरा आठवडे ६७ ते ६८ च्या मध्ये. रोज दुपारी भाकरी, उसळ, जवसाची चटणी, रात्री वरण भाजी नाहीतर बांगडा. डंबेल आणलेत दोन-दोन किलोचे. मोदक खाल्ले, दोन, वरून तूप न घेता, सासूबाई रागावल्या नाहीत.

लिपिड: टोटल १९८, ट्रायग्लिसराईड ९८, एचडीएल ४६, एलडीएल १३२. लॅब तीच, १२ तास उपाशी, आदल्या दिवशी फक्त साधं चालणं.

१७५ चं १३२. एचडीएल पहिल्यांदा ४१ च्या वर. पण एलडीएल अजून जानेवारीच्या जवळपासच आहे हेही दिसतंय मला. डॉक्टर म्हणाले गोळी आत्ता नको, असंच चालू ठेवा, सहा महिन्यांनी बघू, पाळी जाण्याचा काळ आहे तर लक्ष ठेवायला हवं.

नेरुळच्या ताई, नॉन एचडीएल काढलं मी, १५२, जानेवारीत १७७ होतं. हे बरोबर ना?


लॅबमधली_नेरुळकर:

एकदम बरोबर. आणि हाच आकडा धरून चला, जानेवारीचं एलडीएल सूत्रामुळे थोडं कमी दिसत असावं हे आठवतंय ना, त्यामुळे १३६ आणि १३२ दिसायला जवळ असले तरी नॉन एचडीएल चांगलं २५ ने उतरलंय. खूप छान.


खारघरचा_डोंगर:

ताई अभिनंदन!! यातलं किती वजन थांबल्यामुळे आणि किती खोबरेल तेल थांबल्यामुळे, कळायला काही मार्ग आहे का?


वाशी_सेक्टर_नऊ:

नाही, दोन्ही एकदम बदललं ना, वेगळं काढता येणार नाही. तेल परत चालू करून बघा असं मी काही सांगणार नाही.

ताई तुम्ही १४०० च्या आसपास कॅलरी खात असाल असा माझा अंदाज आहे, त्याखाली जाऊ नका आता. आणि अजून तीन-चार किलो उतरवायचे असतील तर दिवाळीनंतर सुरू करा, महिन्याला किलोभर, आणि तेव्हा मध्येच लिपिड करून घाबरू नका, थांबल्यावर दोन महिन्यांनीच करा.


उपवनची_सकाळ:

हो, तसंच करते. काका, तुम्ही अजून तलावपाळीला येता का? मी रविवारी आईला घेऊन कौपिनेश्वरला येणार आहे सकाळी, तिला तुम्हाला भेटायचंय.


नौपाड्यातले_काका:

येतो की. सात वाजता मंदिरासमोर असतो, पांढरी टोपी. आईला म्हणावं सावकाश या, मी थांबतो.